अजगराचं अजीर्ण

"अगो, ऐकलंस का? त्या कोपऱ्यावरच्या घरात अजगर पाळलाय म्हणे! आठ फुटी. रोज एक कोंबडी लागत्ये त्याला."

काकूंची बातमी गडग्यावरून आली तेव्हा मी हळदीची पानं कापत होते. दुसऱ्या दिवशी नागपंचमी. त्या दिवशी काही चिरायचं-कापायचं नाही, म्हणून पातोळ्यांची पानं आदल्या संध्याकाळीच काढून ठेवायची. दिवसभर कोसळून पावसाने जरा उघडीप दिली होती. अशी उघडीप मिळाली की आमच्या नाचणे गावातल्या आळीत निम्म्या बायका कपडे बाहेर घालतात आणि निम्म्या गडग्याला टेकतात. काकू दोन्ही करतात.

"आठ फूट नाही हो काकू. एवढा." मी कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत हात दाखवला. "दूधवालीकडून तुमच्यापर्यंत येईस्तोवर वाढला असेल. आणि कोंबडी नाही, उंदीर. तोही आठवड्याला एक. मध्यंतरी तर तेवढाही नाही."

"म्हणजे आहे तर!" काकूंनी हातातलं ओलं पातळ परत बादलीत टाकलं. "मला वाटलं, मेली उगाच पुड्या सोडत्ये. आणि तुला सगळं ठाऊक असून बोलली नाहीस?"

अजगर पाळणाऱ्या मुलाची आई आणि मी एकाच भिशीतल्या. तिने मला सगळं सांगितलं होतं, आणि कुणाला सांगू नको असंही सांगितलं होतं. पण काकूंना अर्धी बातमी कळलेली असताना उरलेली अर्धी दाबून ठेवणं जास्त धोक्याचं. ती त्या आपल्या मनाने पुरी करतात.

मुलगा पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे. घरून काम करायची मुभा मिळाली म्हणून आषाढात आला. बरोबर दोन बॅगा आणि झाकणाला भोकं पाडलेला प्लॅस्टिकचा एक डबा. घरच्यांना वाटलं, कासव असेल. कासवाची मनाची तयारी करून सगळे डब्याभोवती जमले, आणि त्यातून निघालं बॉल पायथनचं पिल्लू.

"अजगरच तो, पण लहान चणीचा," मी म्हटलं. "आफ्रिकेतला. घाना, टोगो, बेनिन त्या बाजूचा. घाबरला की डोकं मधोमध खुपसून अंगाचा चेंडू करतो, म्हणून बॉल. पुरा वाढला तरी चार-पाच फूट. विष नाही."

"पण साप विकत आणला? रत्नागिरीत?" काकूंचा आवाज चढला. "फुरशांच्या जिल्ह्यात? इथे पावसाळ्यात चप्पल झटकल्याशिवाय पायात घालता येत नाही, आणि हा पैसे मोजून साप आणतो?"

काकूंच्या त्राग्याला इतिहासाचा आधार आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने या जिल्ह्यात मेलेल्या फुरशामागे बक्षीस लावलं होतं, तेव्हा लोकांनी फुरशी लाखांनी मारून आणली. बक्षीस घेणारे गेले, देणारे गेले. फुरशी आहेत तिथेच आहेत, चिऱ्यांच्या फटीत.

"एखादी धामण धरायची होती. फुकट. आमच्या आगरात दोन आहेत."

"धामण धरली तर आत जाल." हे रस्त्यावरून. भाऊ छत्री मिटून फाटकाशी कधी उभे राहिले ते कळलंच नाही. वनखात्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांना कायदा ऐकवायला माणूस लागतो. "१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. २०२२ च्या दुरुस्तीत नाग, घोणस, धामण, सगळे पहिल्या अनुसूचीत गेले. वाघाच्या पंगतीला. आपला एकही साप घरी ठेवता येत नाही."

"आणि आफ्रिकेचा चालतो?"

"चालतो, पण कागद लागतो. ज्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नजर असते अशा प्राण्यांची यादी आहे, त्यात हा साप आहे. असला प्राणी पाळायचा तर परिवेश पोर्टलवर नोंद करायची. २०२४ मध्ये नियम आले त्याचे. पिल्लं झाली, मेला, दुसऱ्याला दिला, सगळं कळवायचं." मग माझ्याकडे वळून, "त्याच्याकडे आहे ना कागद?"

"आहे. आईने रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलाय."

भाऊंचं समाधान झालं. तरी ते गेले नाहीत. गडग्यावर हात ठेवून उभे राहिले.

"ते असू दे," काकू मुद्द्यावर आल्या. "खात का नाही तो?" घरात कुणी जेवत नसेल तर काकूंना तो साप आहे की सून, याने फरक पडत नाही.

"आधी खात होता, काकू. तिथूनच सुरू झालं सगळं."

त्याचे उंदीर पुण्याहून येतात. पांढरे, पैदाशीचे, मारून गोठवलेले. थर्मोकोलच्या डब्यात बर्फ घालून रात्रीच्या लक्झरीने. आईने नाइलाजाने फ्रीजरचा एक कोपरा दिला. पुढे मे महिन्यातला आटवलेला आमरस, शेजारी सुरमईच्या तुकड्या, वर ओल्या खोबऱ्याच्या पिशव्या, आणि त्यांच्या मागे ही आणखी एक पांढरी पिशवी. एका शनिवारी आजींनी सोलकढी करायला घेतली. खोबरं म्हणून हाताला आली ती पिशवी काढली, कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवली आणि जप करत बसल्या. माळ संपली तेव्हा पिशवी मऊ झाली होती. उघडली, तर आधी शेपूट दिसलं.

"बाई गो!" काकूंनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलत होते. "मग?"

"मग आजींनी आंघोळ केली, देवापुढे दिवा लावला आणि सांगितलं, या घरात दुसरा फ्रीज आल्याशिवाय मी पाणी पिणार नाही. दुपारपर्यंत टिकल्या. पण गंमत सांगू? आजींनी जे केलं तेच बरोबर होतं. गोठवलेला उंदीर असाच सोडवायचा असतो, कोमट पाण्यात, पिशवीसकट. मायक्रोवेव्हमध्ये घातला तर बाहेरून शिजतो, आतून बर्फ राहतो, नाहीतर फुटतो."

"पुरे गो."

"आणि तो ऊनच द्यावा लागतो. अजगराच्या वरच्या ओठावर बारीक खाचा असतात, त्यांनी त्याला ऊब कळते. उंदीर गार असला तर तो वासाने जवळ येतो, पण हे अन्न आहे अशी खात्रीच पटत नाही त्याची. ओळखतो, पण धरत नाही."

त्या रात्री त्याने धरला. आजींच्याच हातचा म्हणायला हरकत नाही. दिवे मालवून, सगळे झोपल्यावर, लांब चिमट्याने समोर धरला आणि पिल्लाने झडप घालून तीन वेटोळी दिली. मुलगा आनंदाने वेडा झाला. दुसऱ्या दिवशी रविवार. गोगटे कॉलेजातले जुने मित्र आले. साप बाहेर निघाला. याच्या हातावर, त्याच्या गळ्यात, फोटो, व्हिडिओ. पोटात अख्खा उंदीर, आणि सगळ्यांच्या हातून फिरतोय. त्यात रात्री वादळी पाऊस होऊन लाईट गेली ती पहाटेपर्यंत आली नाही. डब्याखाली एका बाजूला गरम राहणारी चटई असते, ती थंड पडली. सकाळी बघतात तर डब्याच्या कोपऱ्यात अर्धवट विरघळलेला उंदीर, बुळबुळीत, आणि वास असा की आईने खोलीची खिडकी उघडून धूप घातला.

"ते होणारच," भाऊ म्हणाले. इतका वेळ गप्प राहिल्याची भरपाई त्यांना करायची होती. "खाल्लेल्या सापाला हात लावायचाच नसतो. एकदा पावस रस्त्याला एका खुराड्यातून नाग काढायला सर्पमित्राला घेऊन गेलो होतो. पोट हे एवढं फुगलेलं. पोरगा सावकाश काढत होता, पण लोक! बॅटऱ्या, मोबाइल, आरडाओरडा. नागाने तोंड वासलं आणि बेडूक बाहेर टाकला. मग दुसरा. मग तिसरा. लोक म्हणाले, विष ओकतोय. विष कसलं? पळायचंय त्याला, आणि पोटात वजन घेऊन पळता येत नाही. पुन्हा भूक लागली तर बेडूक मिळतील, जीव मिळणार नाही."

तान्ह्या बाळालाही दूध पाजल्यावर कुणी उलटं धरत नाही, हे काकूंना लगेच पटलं. पण थंडीचं पटेना. "रत्नागिरीत कसली मेली थंडी? घामाने जीव जातोय."

"आपल्याला घाम येतो, कारण आपली भट्टी आतच पेटलेली असते. सापाला ती बाहेरून लागते. त्या डब्यात एका बाजूला ३१-३२ अंश लागतात, दुसऱ्या बाजूला २६-२७. मग तो आपला आपण सरकतो, पचवायचं असेल तेव्हा उबेकडे, नको तेव्हा गारव्याकडे. पावसाच्या रात्री आपल्याकडे चोवीस-पंचवीसवर येतं. आपल्याला ते गोड लागतं. त्याच्या पोटातलं काम मात्र मंदावतं, आणि उंदीर पचायच्या आधी आतल्या आत कुजायला लागतो. मग बाहेर टाकण्यावाचून इलाज नाही."

हे सगळं मला त्या मुलाच्या आईने सांगितलं, तिला मुलाने, आणि मुलाने ते रात्र रात्र जागून वाचलेलं. त्यातली एक गोष्ट मला फार आवडली. आपलं पोट म्हणजे बारा महिने चुलीवर काहीतरी असलेलं घर. अजगराचं पोट म्हणजे चाकरमान्यांचं गावातलं घर, गणपतीपुरतं उघडणारं. एरवी कुलूप. जठरात आम्लसुद्धा नसतं, आतड्याचं अस्तर आक्रसलेलं. भक्ष्य आत गेलं की मग पंप सुरू, बंब पेटला, मोठी पातेली उतरली. बर्मी अजगरांवर अमेरिकेत अभ्यास झालाय. एक-दोन दिवसांत आतड्याचं वजन दुपटीच्या घरात जातं. २००५ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आलं की दोन दिवसांत हृदयसुद्धा चाळीस टक्क्यांनी वाढतं, आणि जेवण पचलं की परत पहिल्यासारखं. बर्मी अजगर म्हणजे आपल्याकडच्या अजगराचा सख्खा भाऊबंद.

"जेवणाने हृदय वाढतं?" काकू म्हणाल्या. "आमच्याकडे जेवले की फक्त घोरतात."

"आणि एवढी सगळी मांडामांड झालेली असताना पाहुणे हाकलले आणि लाईट घालवली, तर काय होईल?"

"नासेल सगळं."

"तेच झालं. पण खरा गोंधळ त्याच्यापुढचा. पोराला वाटलं, उपाशी राहिला बिचारा. तिसऱ्याच दिवशी आणखी एक उंदीर दिला. चांगला गुबगुबीत, अशक्तपणा भरून यावा म्हणून."

"बरोबर केलन."

"चुकीचं केलन काकू. उलटीबरोबर जठरातलं आम्ल वर येतं, अन्ननलिका भाजते. पचवणारे जंतू बाहेर जातात, अंगातलं पाणी जातं. आत सगळं सोललेलं. त्यावर पुन्हा जड जेवण. ते चोवीस तासांत परत आलं. आणि असं दोन-तीनदा झालं तर एवढंसं पिल्लू तेवढ्यानेच दगावतं. मोठा बॉल पायथन महिनोन् महिने खात नाही आणि त्याला काही होत नाही. पण पिल्लाच्या गाठीला काय असणार? अजून शंभर ग्रॅमही भरत नाही."

काकू गप्प झाल्या. मग एकदम त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. "थांब. हे कधीचं?"

"झाले की पंधरा-वीस दिवस."

"अस्सं! तेव्हाच तो रात्री माझ्या दारात आला होता. लाईट गेल्ये, काकू, तुमची रबराची गरम पाण्याची पिशवी द्या, आईची कंबर धरल्ये म्हणाला! मी पिशवी दिली, वर निर्गुडीचं तेल दिलं!"

मला हसू आवरेना. ती पिशवी टॉवेलात गुंडाळून रात्रभर डब्याच्या बाजूला लावलेली होती. तेल आईने खरंच कंबरेला लावलं. म्हणाली, आलंच आहे तर.

"आणि मी ती परत आल्यावर गुडघ्याखाली घेऊन झोपले! सापाची पिशवी!"

"डब्याच्या बाहेरून लावलेली, काकू. साप शिवला नाही तिला."

"नशीब त्याचं. आता मागायला येऊ दे." पण त्या फार रागावलेल्या वाटल्या नाहीत. आजारपणात आपली वस्तू उपयोगी पडली, याचं त्यांना कुठेतरी बरंच वाटलं असावं. "आता लाईट गेली की काय करतात?"

"इन्व्हर्टरला जोडलंय. ट्यूबलाइटपेक्षाही कमी वीज खाते ती चटई. टीव्हीचा प्लग काढला आजींच्या खोलीतला."

"म्हणजे सापासाठी म्हातारीची मालिका गेली." हे त्यांनी मनात नीट ठेवून दिलेलं मला दिसलं. उद्या ते तीन घरांत पोचेल.

मग औषधं सुरू झाली. ओव्याचा अर्क. हिंगाचं पाणी पोटावरून. मुरुडशेंग उगाळून, दोन वळसे. बाळहिरडा. वेखंड. काकूंनी आळीतली दोन पिढ्यांची पोटं गुटीवर वाढवलेली आहेत. पाठीचा कणा असलेल्या कुठल्याही प्राण्याला गुटी लागू पडते, असा त्यांचा समज आहे. मी सांगितलं की त्याला तोंडाने काहीही घालायचं नाही, डॉक्टरांनी बजावलंय. गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं, गाय आणा, कुत्रा आणा, हा माझा प्रांत नाही. आणि मुंबईतल्या एका डॉक्टरांचा नंबर दिला. त्यांनी व्हिडिओवर बघून एकच औषध सांगितलं, ते कुणाच्याच घशाखाली उतरेना. दहा ते चौदा दिवस काहीही द्यायचं नाही. डब्यात स्वच्छ पाणी ठेवायचं, ऊब नीट ठेवायची, आणि डबा उघडायचा नाही. हातात घ्यायचं नाही. बघायला जायचं नाही.

"काहीच नाही? दोन आठवडे?"

"काहीच नाही. त्या घरात ते सगळ्यात कठीण गेलं. आजी दर दोन तासांनी विचारायच्या, खाल्लन का? आईला वाटायचं, एकदा झाकण उघडून बघू, श्वास चाललाय ना. बाबा, जे पहिल्या दिवशी म्हणाले होते की हे ध्यान माझ्या घरात नको, ते टॉर्च घेऊन जायचे."

रत्नागिरीच्या घरात कुणी न जेवता बसलेलं चालत नाही. पाहुण्याने हात आडवा धरला तरी त्या हातावरून वाढायचं, ही रीत. त्या डब्यातल्या पाहुण्याला आग्रह सोसत नव्हता एवढंच त्याचं दुखणं होतं, असं माझं मत. उंदीर, ऊब, सगळं पुण्याहून व्यवस्थित आलेलं. माणसं जरा जास्त आली.

मुलाने त्या दिवसांत एक काम चांगलं केलं. पुण्याहून आणलेलं प्लॅस्टिकचं बीळ त्या पिल्लाला फार ऐसपैस होतं. या सापाला लपायला अंग चेपून बसेल एवढीच जागा लागते, चारी बाजूंनी टेकलं की तो निर्धास्त होतो आणि मगच खातो. आईने नारळाची अर्धी करवंटी दिली. त्याने काठाला खाच पाडली, कड पॉलिश पेपरने घासली आणि पालथी घातली. पिल्लू आत गेलं ते दिवसभर बाहेर आलं नाही. खाली पसरायला म्हणून तो परदेशी छापाची पिशवी विकत आणत होता. फोडून बघितली तर नारळाच्या सोडणांचा भुसा.

"सोडणं? विकत?" काकूंनी आपल्या बंबाकडे बघितलं. बंबापाशी सोडणांचा कमरेएवढा ढीग होता. "काय भाव?"

मी सांगितला. काकू बराच वेळ त्या ढिगाकडे बघत राहिल्या.

"पण आपल्याकडचं तसंच घालून नाही चालत. वाळवून, बारीक करून, चाळून. मोठा तुकडा उंदराला चिकटून पोटात गेला तर अडकतो, शी तुंबते. आणि या हवेत ते ओलं राहिलं तर पोटाखालचे खवले कुजतात. रोज चटईच्या बाजूचं परतावं लागतं."

"ते करतील. लोणच्याच्या फोडी नाही का परतत." मग त्यांनी आणखी एक औदार्य दाखवलं. "उंदीर तरी विकत कशाला? आमच्या मांगरात पोत्याने आहेत. जिवंत, ताजे."

भाऊंनी हात हलवला. मांगरातल्या उंदराच्या पोटात जंत, अंगावर उवा-गोचिड्या, आणि शेजाऱ्याने घातलेलं उंदराचं औषध त्याने खाल्लेलं असलं तर ते सापालाही भोवतं. शिवाय जिवंत उंदीर काही हात जोडून बसत नाही. साप भुकेला नसला तर रात्रीत उंदीरच सापाला कुरतडतो, पार पाठीचं मांस दिसेपर्यंत.

"उंदीर सापाला खातो?" काकूंना ही बातमी अजगरापेक्षा मोठी वाटली. "आणि आम्ही नागोबाला हात जोडतो!"

"मग आता कसा आहे?" भाऊंनी विचारलं.

"परवा रात्री दिला. नेहमीच्या निम्म्या आकाराचा. आजींना बघू दिलं नाही. त्याने घेतला, आणि आतापर्यंत टिकलाय. आता सगळं घर शीची वाट बघतंय."

"कशाची?"

"शीची, काकू. ती झाली म्हणजे पचलं. काळपट, आणि तिच्याबरोबर खडूसारखा पांढरा भाग. चार-सहा दिवस लागतात. ती मुंबईला तपासायला पाठवायच्ये. दोनदा उलटी झाली म्हणून डॉक्टरांना जंत बघायचेत, आणि क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक बारीक परजीवी असतो, तो नाही ना हेही. तो असला तर जठराची भिंत जाड होते, अंगाच्या मधोमध गाठीसारखी सूज येते, खाल्लेलं पुन्हा पुन्हा बाहेर येतं. त्याच्यावर खात्रीचा उपाय नाही. पण सूज नाहीये. डॉक्टर म्हणाले, बहुतेक थंडी आणि हाताळणीच. मुलगा रोज नाही, आठवड्याने वजन करतो आता. स्वयंपाकघरातल्या केकच्या काट्यावर."

"केक करते ती? मागच्या वाढदिवसाला दिला होता तो?"

"काटा नवीन आणलाय."

काकूंनी माझ्याकडे संशयाने बघितलं आणि तो विषय सोडला. उद्याचा सण त्यांच्या डोक्यात होता. "उद्या मग दूध-लाह्या दाखवतील ना त्याला? घरातच नागोबा."

मला याचीच धास्ती होती, कारण आजींनी वाटी काढून ठेवली होती. सापाला दूध पचत नाही. त्याला तहान लागली असेल तर जे समोर येईल ते पितो, म्हणून गारुडी नागाला आठवडेच्या आठवडे पाण्यावाचून ठेवायचे आणि पंचमीला दूध पाजायचे. लोकांना वाटायचं, भक्ती फळली. ते दूध फुफ्फुसात जायचं, आणि पुढच्या काही दिवसांत नाग मरायचे, कुणाच्या नजरेला न पडता. बत्तीस शिराळ्याची जिवंत नागांची पूजासुद्धा उच्च न्यायालयाने थांबवली ती उगाच नाही. आणि इथे तर पोट आत्ता कुठे सावरलेलं.

"मला शिकवू नकोस," काकू म्हणाल्या. "आमचे हे पुण्याला नोकरीला होते, १९८० साली, तेव्हा नीलिमकुमार खैरे बहात्तर विषारी सापांबरोबर काचेच्या खोलीत बहात्तर तास बसले होते. हे दोनदा बघून आले. पुढे खैऱ्यांनी कात्रजला सर्पोद्यान काढलं, ते मला दाखवायला नेलं. मी एकेक पिंजरा बघितलाय. एकाही सापापुढे दुधाची वाटी नव्हती, पाण्याची कुंडी होती. तेव्हापासून मी पाटावर गंधाचा नाग काढत्ये, त्याला दाखवत्ये नि दूध मांजराला घालत्ये."

"मग आजींना तुम्हीच सांगा ना."

"सांगत्ये. पाट आणि चंदन घेऊनच जात्ये उद्या सकाळी. माझी पिशवी वापरली आहे, माझं ऐकावं लागेल." त्यांनी शेवटी ते पातळ पिळलं आणि दोरीवर टाकलं. भुरभुर पुन्हा सुरू झाली होती. पातळ वाळणार नव्हतं, पण ते त्यांनाही ठाऊक होतं. भाऊंनी छत्री उघडली आणि निघाले.

"किती वर्षं जगतो गो हा?"

"नीट सांभाळला तर वीस-तीस वर्षं आरामात. अमेरिकेत सेंट लुइसच्या प्राणिसंग्रहालयात एक मादी होती, निदान बासष्ट वर्षांची. २०२० मध्ये तिने सात अंडी घातली, तीही पंधरा-वीस वर्षं नराचं तोंड न बघता."

"सुखी असेल." काकूंनी रिकामी बादली कमरेवर घेतली, चार पावलं गेल्या आणि परत आल्या. "तीस वर्षं? म्हणजे हा मुलगा पंचावन्नचा होईस्तोवर?"

"हो. का?"

"अगो, मी त्याच्यासाठी देवरुखची एक मुलगी मनात धरल्ये. घराणं चांगलं आहे, एकुलती एक. तिच्या आईला हे आधी सांगायचं की पत्रिका जुळल्यावर?"

"आधीच सांगा काकू."

"आधी सांगितलं तर पत्रिका कशाला मागतील ती?"

"मग जुळल्यावर सांगा."

"आणि फ्रीजरचं?"

"ते लग्नानंतर."